डक्टमधील सामाईक पाइप गळतो आणि ओल आमच्या घरात येते : नुकसान असोसिएशनने भरायचे की आम्ही?

प्रश्न (होटगी रोड, सोलापूर येथील सदनिकाधारक)

नमस्कार. होटगी रोडलगतच्या एका पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची सदनिका आहे. इमारतीचा ताबा मिळून १८ वर्षे झाली असून तिच्यात एकूण २० सदनिका आहेत. आमच्याकडे सहकारी गृहनिर्माण संस्था नाही. बिल्डरने घोषणापत्र नोंदवून अपार्टमेंट केले, सदनिकाधारकांची असोसिएशन स्थापन झाली आणि तिचे पदाधिकारी आज कारभार पाहतात.

आमच्या मागच्या खोलीची एक भिंत डक्टला, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीला, लागून आहे. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पाइप, गच्चीवरून घरोघरी उतरणारे पाइप आणि वरच्या मजल्यांच्या सांडपाण्याचे पाइप हे सगळे त्याच डक्टमधून जातात. या भिंतीला लागून आम्ही छतापर्यंतचे लाकडी कपाट करून घेतले आहे. दोन महिन्यांपूर्वी खोलीत कुबट वास येऊ लागला म्हणून कपाट रिकामे केले, तेव्हा मागच्या प्लायवुडला हात लावताच त्याचा वरचा थर ओल्या कागदासारखा सुटून आला. खालच्या कप्प्यात आईने लग्नात आणलेल्या चार चादरी घडी करून ठेवलेल्या होत्या, त्यांच्या कडांना पिवळट वलये उठली आहेत आणि एका चादरीचा रंग दुसरीला लागला आहे. भिंतीचे पोपडे सुटले असून जमिनीपासून साधारण कमरेच्या उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटला आहे.

सचिवांना मी त्याच दिवशी तोंडी सांगितले आणि आठवड्याने पत्र दिले. त्यावर मिळालेले उत्तर असे की, सदनिकेच्या चार भिंतींच्या आत जे काही होते ते मालकाने पाहायचे, असोसिएशनचा संबंध जिना, लिफ्ट आणि गच्ची एवढ्यापुरताच आहे. कार्यकारिणीतील एका सदस्यांच्या मते पाणी आमच्या वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून येत असावे. वरचे कुटुंब ते मान्य करत नाही आणि त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मलाही खात्रीने सांगता येत नाही. मी एक गोष्ट मात्र लक्षपूर्वक पाहिली आहे. आमच्या भागात महापालिकेचे पाणी चार-पाच दिवसांआड येते, त्या दिवशी इमारतीची मोटर तीन-चार तास चालते, आणि ओल त्याच दिवशी संध्याकाळी वाढलेली दिसते.

प्लास्टर आणि रंगासाठी २२ हजार आणि कपाटासाठी ३८ हजार रुपयांचे अंदाजपत्रक आले आहे. यातले काय कोणी द्यायचे, आणि असोसिएशन ऐकत नसेल तर मासिक वर्गणी थांबवणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ (निवृत्त स्थापत्य अभियंता, जुळे सोलापूर)

नमस्कार. जबाबदारी कोणाची हा प्रश्न कायद्याचा असला तरी त्याचे उत्तर पाणी कुठून येते यावर ठरते, आणि आपल्या शहरात बहुतेक भांडणे ते शोधण्याआधीच सुरू होतात. ओल जिथे दिसते तिथेच पाणी गळत असते असे नाही. पाणी स्लॅबवरून, पाइपच्या अंगावरून, विटांच्या सांध्यांतून वाट काढत कित्येक फूट दूर जाऊन बाहेर पडते. म्हणून कार्यकारिणीने वरच्या न्हाणीघराकडे बोट दाखवणे आणि तुम्ही मोटरकडे पाहणे, हे दोन्ही तपासणीपूर्वीचे तर्क आहेत. तुमच्या तर्काला निरीक्षणाचा आधार आहे, एवढा फरक मात्र मी जरूर मानतो.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, ही गैरसोय असली तरी गळती शोधताना तिचा उपयोग होतो. वर चढणाऱ्या पाइपवर मोटर चालू असताना सर्वांत जास्त दाब असतो. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब वाढतो, त्यामुळे पाच मजली इमारतीत त्या पाइपच्या खालच्या निम्म्या भागातील सांधे अधिक ताण सोसतात. मोटर बंद झाल्यावर, पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह झिजलेला असेल तर पाइपमधले पाणी मागे टाकीत उतरते आणि गळती थांबते. व्हॉल्व्ह चांगला असेल तर पाइप भरलेलाच राहतो आणि पाणी बारीक धारेने झिरपत राहते. ओल मोटरच्या दिवशी वाढून मग ओसरत असेल तर संशय चढत्या पाइपवर घ्यावा. ती दिवसरात्र सारखीच राहत असेल तर टाकीतून उतरणारा पाइप पाहावा. वरच्या घरातील आंघोळी झाल्यावर, म्हणजे सकाळी आठ-नऊनंतर वाढत असेल तर न्हाणी ट्रॅप (फरशीवरचे पाणी वाहून जाण्याचे तोंड) किंवा सांडपाण्याचा पाइप तपासावा. फक्त पावसानंतर दिसत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत.

पुढची पायरी अशी की वरच्या कुटुंबाला विनंती करून त्यांच्या न्हाणीघराचा ट्रॅप कापडाने घट्ट बंद करावा, फरशीवर इंच-दीड इंच पाणी भरावे, त्यात पाण्यात विरघळणारा रंग टाकावा आणि २४ तास तसेच ठेवावे. त्या काळात मोटर चालू करू नये, नाहीतर दोन्ही कारणे एकमेकांत मिसळतील. रंग खाली उतरला नाही तर त्या फरशीवरचा संशय दूर होतो. त्यानंतर डक्टमध्ये माणूस उतरवून मोटर सुरू असताना प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. १८ वर्षांच्या इमारतीत लोखंडी पाइप आतून गंजलेला असणे स्वाभाविक आहे, विशेषतः जिथे नंतरच्या दुरुस्तीत लोखंडाला प्लास्टिकचा तुकडा जोडला गेला आहे तिथे.

ही तपासणी एकट्याने करू नका. असोसिएशनचा एक प्रतिनिधी, वरच्या घरातील एक व्यक्ती आणि तुम्ही असे तिघे उपस्थित राहा आणि तारीख-वेळ घालून दोन ओळींची नोंद करून त्यावर सह्या घ्या. मी नोकरीत असताना पाहिलेल्या वादांपैकी बरेच अशा अर्ध्या पानाच्या नोंदीने तिथल्या तिथे मिटले.

उत्तर २ (दिवाणी व सहकार प्रकरणे पाहणारा वकील)

वरील उत्तरातील तपासणी झाल्याशिवाय माझ्या उत्तराचा पूर्ण उपयोग होणार नाही, हे प्रथम नमूद करतो.

‘चार भिंतींच्या आतले सगळे मालकाचे’ हे वाक्य मी अनेक असोसिएशनांच्या पत्रांत वाचले आहे आणि ते कायद्याला धरून नाही. तुमची इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली येते. या कायद्यातील सामाईक क्षेत्रे व सुविधांच्या व्याख्येत, घोषणापत्रात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती आणि छप्पर यांच्याबरोबर टाक्या, पंप, मोटर, डक्ट आणि सामाईक वापरासाठी असलेली सर्व यंत्रसामग्री येते. म्हणजे डक्ट आणि त्यातला पाणी चढवणारा पाइप सामाईक आहे, मग त्याच्या गळतीची ओल कोणाच्याही खोलीत दिसो. सामाईक भागाची देखभाल, दुरुस्ती आणि बदल यांचा खर्च सर्व सदनिकाधारकांनी घोषणापत्रात लिहिलेल्या आपापल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने सोसायचा असतो. म्हणून सर्वप्रथम घोषणापत्राची आणि उपविधींची प्रत मिळवा. ती मूळ खरेदीखतासोबत जोडलेली नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची नक्कल मिळते.

याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे असोसिएशनच्या व्यवस्थापकाला किंवा मंडळाला सामाईक भागाच्या दुरुस्तीसाठी, तसेच सामाईक भागाचे किंवा दुसऱ्या सदनिकेचे नुकसान टाळण्यासाठी लागणाऱ्या तातडीच्या दुरुस्तीसाठी, योग्य वेळी कोणत्याही सदनिकेत प्रवेश करण्याचा हक्क आहे. त्यामुळे वरच्या सदनिकेची तपासणी घडवून आणणे हे असोसिएशनचे काम आहे. ‘तुम्ही आपसात पाहून घ्या’ असे सांगून तिला बाजूला होता येत नाही. गळती वरच्या न्हाणीघरातूनच निघाली तर खर्च वरच्या मालकाने करायचा, हेही तितकेच स्पष्ट आहे.

आता तुमच्या दोन रकमांकडे येतो, कारण त्या दोन्हींना एकच नियम लागू पडत नाही. गळती चढत्या पाइपची निघाली तर पाइपची दुरुस्ती निर्विवादपणे असोसिएशनची आहे. तो पाइप गाठण्यासाठी किंवा त्याच्या गळतीमुळे खराब झालेले प्लास्टर पूर्ववत करणे हा त्याच दुरुस्तीचा भाग आहे अशी मागणी तुम्ही ठामपणे करू शकता, आणि माझ्या अनुभवात ती बहुधा मान्य होते. कपाट आणि चादरी यांचे तसे नाही. असोसिएशन ही विमा कंपनी नव्हे. पाइप सामाईक आहे एवढ्यावरून घरातील सामानाची भरपाई आपोआप देय होत नाही. त्यासाठी असोसिएशनचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, म्हणजे तिला गळतीची माहिती होती किंवा असायला हवी होती आणि तरीही तिने वाजवी वेळेत काही केले नाही, हे. इथे तुमच्या पत्राची तारीख महत्त्वाची ठरते. पत्र पोहोचण्यापूर्वी झालेले नुकसान मागणे अवघड आहे, पत्रानंतर दुर्लक्षामुळे वाढलेले नुकसान मागणे पुष्कळच सोपे. आणि नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही स्वतः काय केले, सामान हलवले का, कपाट भिंतीपासून दूर केले का, हेही विचारले जाईल.

असोसिएशन ऐकत नसेल तर कलम ७ उपयोगी पडते. उपविधी आणि घोषणापत्रातील अटी न पाळल्यास नुकसानभरपाईसाठी किंवा मनाई हुकमासाठी कारवाई करता येते, आणि योग्य प्रकरणी ती बाधित सदनिकाधारकालाही करता येते. त्याआधी रीतसर नोटीस द्या. छायाचित्रे ज्या फोनमध्ये काढली तो फोन आणि मूळ फाइल जपून ठेवा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

येथील अनेक वाचक सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात, त्यांच्यासाठी एक भेद सांगणे आवश्यक आहे. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आदर्श उपविधी लागू होतात, आणि त्या उपविधींत संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादीच दिलेली आहे. तिच्यात पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाणी व सांडपाणी नळांची गळती, गच्ची, बाहेरच्या भिंती, आणि गच्चीतून पाणी झिरपल्याने सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिकांचे खराब झालेले छत व प्लास्टर हे सर्व येते. सदनिकेतील शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी अंतर्गत गळती मात्र त्या सभासदाने स्वखर्चाने काढायची असते. उपविधींच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांक पाठ करण्यापेक्षा मालमत्तेच्या दुरुस्तीचे प्रकरण उघडून वाचावे. संस्थेशी गळतीचा वाद झाल्यास तो कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो, निबंधकांकडे नव्हे. चुकीच्या कार्यालयात अर्ज देऊन वर्ष वाया घालवलेले लोक माझ्याकडे नेहमी येतात आणि त्याचे मला वाईट वाटते.

मासिक वर्गणी कृपया थांबवू नका. सामाईक खर्चाचा वाटा हे तुमच्यावरचे स्वतंत्र देणे आहे, थकलेल्या रकमेचा बोजा सदनिकेवर चढतो, आणि आज तक्रारदार असलेले तुम्ही उद्या थकबाकीदार म्हणून ओळखले जाल. ‘हक्क राखून भरणा करीत आहे’ असे लिहून भरत राहा.

उत्तर ३ (एका गृहनिर्माण संस्थेची माजी सचिव, विकास नगर)

दोन्ही सरांनी फार नेमके लिहिले आहे. मी सहा वर्षे सचिवपद सांभाळले, म्हणून दुसरी बाजू मांडते. पदाधिकाऱ्यांचा बचाव करण्याचा माझा हेतू नाही.

गळतीची तक्रार आली की समितीला पहिली भीती पैशांची वाटते. आमच्या संस्थेत वरच्या मजल्यावरील एका ताईंच्या छतातून पावसात पाणी येत होते आणि सभेत लोक म्हणत होते की, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा फायदा वरच्या चार घरांनाच आहे, तेव्हा खर्चही त्यांनीच करावा. मीही तेव्हा ठामपणे बोलले नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, दिवसभर तापलेला कोबा रात्री निवतो, कठड्याच्या मुळाशी केलेला सिमेंटचा गोलसर जोड तडकतो आणि सप्टेंबरचा पाऊस नेमका त्या भेगेतून आत शिरतो. दोन पावसाळे आम्ही नुसती चर्चा केली. तिसऱ्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या छताचे काँक्रीट सळईपासून सुटून ओट्यावर पडले. त्या वेळी त्या शेजारच्या खोलीत होत्या. त्यानंतर झालेला खर्च पहिल्या वर्षीच्या कोटेशनच्या तिपटीहून अधिक होता, आणि तो सर्वांनाच भरावा लागला.

पैसे नसतात हे खरे असले तरी ते का नसतात हेही पाहिले पाहिजे. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) जमा व्हायला हवा. आम्ही कित्येक वर्षे वर्गणी कमी ठेवल्याचे श्रेय घेत हा निधी गोळाच केला नव्हता. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे, हेही आम्हाला त्या अपघातानंतर कळले. अपार्टमेंटला हे उपविधी थेट लागू नसतील, तरी तुमच्या असोसिएशनने असा निधी ठरवून घ्यावा असे मी मनापासून सांगते.

प्रश्नकर्त्यांना एक विचारायचे आहे. तुमच्या त्या भिंतीत डक्टकडे उघडणारी झडप किंवा छोटी खिडकी होती का? बऱ्याच इमारतींत लोक ती बंद करून पुढे कपाट बसवतात, आणि मग प्लंबरला डक्टमध्ये जायला वाटच राहत नाही. आमच्याकडे एका सभासदांची कपाटाची मागणी समितीने याच कारणाने अमान्य केली होती, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

उत्तर ४ (विमा व्यवसायातील एक सदस्य)

थोडक्यात भर घालतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे आणि पाण्याच्या टाक्या किंवा पाइप फुटून अथवा ओसंडून झालेले नुकसान तिच्यात समाविष्ट आहे. मात्र महिनोन्‌महिने मुरलेली ओल आणि जीर्ण झालेले बांधकाम यांचे दावे सहसा टिकत नाहीत, म्हणून गळती लक्षात आल्याबरोबर कळवावे. घरातील सामानाची पॉलिसी मालकाने स्वतःच्या नावे घ्यायची असते. इमारतीच्या पॉलिसीत तुमचे कपाट आणि कपडे गृहीत धरू नका.

नवीन इमारतीत राहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. १८ वर्षांच्या इमारतीला त्याचा उपयोग नाही.

प्रश्नकर्ते

सर्वांचा मनापासून आभारी आहे. तपासणी झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

वरच्या घरातील काकांनी स्वतःहून न्हाणीघरात निळा रंग घालून २४ तास पाणी भरून ठेवले आणि आमच्या भिंतीवर निळा ठिपकाही उमटला नाही. त्यांच्याविषयी मनात संशय ठेवल्याबद्दल मी त्यांच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त केली. नंतर पाणी आलेल्या दिवशी सचिव, काका आणि मी डक्टपाशी उभे राहिलो. प्लंबर गच्चीवरून दोराने खाली उतरला, आणि मोटर सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील तोच आमच्या खोलीच्या पातळीवर, लोखंडी पाइपला प्लास्टिकचा पाइप जोडलेल्या सांध्यातून सुईसारखी बारीक धार भिंतीवर उडताना दिसली. मोटर बंद केल्यावर काही वेळाने ती थांबली. अभियंता सरांनी सांगितल्याप्रमाणे व्हॉल्व्हही झिजलेला होता. अर्ध्या पानाची नोंद करून तिघांनी सह्या केल्या.

माजी सचिव ताईंचा प्रश्न अगदी योग्य होता. त्या भिंतीत दीड फुटांची झडप होती आणि कपाट करताना सुताराच्या सांगण्यावरून आम्हीच ती प्लायवुड ठोकून बंद केली होती. झडप उघडी असती तर ही धार कितीतरी आधी दिसली असती. कार्यकारिणीच्या बैठकीत मी हे स्वतः सांगितले आणि घोषणापत्राची नक्कल पुढे ठेवली, ज्यात डक्ट आणि पंप सामाईक सुविधांत स्पष्टपणे लिहिलेले आहेत. पाइपचा तो संपूर्ण भाग आणि व्हॉल्व्ह बदलणे, तसेच आमच्या भिंतीचे प्लास्टर व रंग हा खर्च असोसिएशनने मान्य केला आहे. कपाटाचा आग्रह मी सोडला. पत्र दिल्यानंतरच्या दिवसांचे नुकसान वेगळे काढून मागता आले असते हे वकील सरांच्या उत्तरावरून समजते, पण झडप आम्ही बंद केलेली असताना ते मागणे मला पटले नाही.

पाइप गेल्या रविवारी बदलला. खराब प्लास्टर कधी काढावे आणि नवीन कधी करावे, एवढे अभियंता सरांनी कृपया सांगावे. कार्यकारिणीला काम या आठवड्यातच उरकायचे आहे.

उत्तर १ (निवृत्त स्थापत्य अभियंता, जुळे सोलापूर)

सुटलेले प्लास्टर लगेच विटांपर्यंत काढून टाका, म्हणजे भिंत लवकर वाळेल. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका. पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातात. नवीन प्लास्टरची घाई या आठवड्यात मुळीच करू देऊ नका. मोटर चालण्याचे चार-पाच दिवस जाऊ द्यात, प्रत्येक वेळी सांधा पाहा, आणि भिंतीवर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला दव दिसले नाही तर प्लास्टर करा. त्यानंतर रंगासाठी किमान महिनाभर थांबा, आणि नवीन कपाट भिंतीपासून दोन इंच सोडून, झडपेसमोर उघडणारे दार ठेवून करून घ्या.